मास्तरांचं गाढव

जगातला पहिला ख्रिस्ती माणूस गलबतातून निघाला तो थेट मालवणला पाणी प्यायला उतरला, असं शपथेवर सांगणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला आणि तो नेमका आमच्या गडग्यापलीकडे राहत होता. दगड रचून केलेल्या त्या गडग्याच्या अलीकडे आमचे माड, पलीकडे त्यांचे. शाळेत मास्तर, धर्माने ख्रिश्चन आणि डोक्याने काय ते तुम्हीच ठरवा. मी चौथी पास. मोठ्या माणसांच्या डोक्यांचं मोजमाप मला जमत नाही.

मास्तरांचं म्हणणं ऐकायला सोपं होतं. पोर्तुगीज यायच्या कितीतरी शतकं आधी कल्याण बंदरात ख्रिस्ती व्यापारी होते, जुन्या प्रवाशांनी तसं लिहून ठेवलंय. खाली केरळातही होते. "मगे वयनी, कल्याणसून केरळाक जाणारा गलबत मदी गोड्या पाण्याक थांबाचा नाय? माणसां समुद्राचा पाणी पितली? आणि मदी मालवण लागता की नाय?" मध्ये देवगड लागतं, वेंगुर्लं लागतं, आणखी पन्नास गावं लागतात. पण तिथे मास्तरांचं घर नव्हतं, म्हणून गलबत तिथे थांबत नव्हतं.

तर पाण्याला उतरलेली ती माणसं इथेच राहिली, त्यांनी घरं केली, भांडी फोडली आणि ती मेली, असं गृहीत धरून मास्तर त्यांची खापरं शोधत फिरत. अंगात बारा महिने एकच काळा कोट, आणि त्याचे खिसे खापऱ्यांनी इतके भरलेले की कोट गुडघ्यापर्यंत ओघळलेला असे. देवळात प्रार्थनेला गुडघे टेकले की खिसे खुळखुळत आणि पाद्री मंत्र थांबवून त्यांच्याकडे बघे. घरी तर भाताच्या मडक्यातही खापऱ्या. मास्तरीण गडग्यावर हात टेकून मला सांगायची, "माझो घो जित्या बायलेक विचारीत नाय गो, मेलेल्यांची भांडी घाशीत बसता. माझी भांडी कोण घासतलो?"

कुणी मेलं की मास्तर सगळ्यांच्या आधी कबरस्तानात हजर. लोकांना वाटे, केवढा मायाळू माणूस. मास्तर खड्ड्यात डोकावून माती बघत असत. एकदा पाद्री प्रार्थना म्हणत असताना हे कबरीच्या काठावर पालथे पडून छत्रीच्या टोकाने काहीतरी उकरायला लागले, तेव्हा मेलेल्याच्या भावाने त्यांना बखोटीला धरून उठवलं. पुढे कित्येक महिने गावातली म्हातारी माणसं मास्तर समोरून आले की रस्ता बदलायची.

एका वर्षी त्यांना बंदराजवळ क्रूस कोरलेली खापरी सापडली. वर्षभर ती कापसात गुंडाळून ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली. एकदा मासळी बाजारात ती बाहेर काढून भाषण सुरू केलं, तर सुरमई कापणारी एक बाई कोयती खाली ठेवून म्हणाली, "बघू, बघू. मेल्या मास्तरा, ह्यां माझ्या खाऱ्या बांगड्याच्या मडक्याचा बूड! जाऊबाय आपला मडका सांगून घेवन जायत म्हणान मीच खिळ्यान फुली मारलेली!" सगळा बाजार हसला. मास्तरांनी खापरी तिला परत दिली. ती म्हणाली, आता काय करू तिचं? मास्तर म्हणाले, "तुमची वस्तू तुमच्याकडेच रव्हांदे." असा सचोटीचा माणूस. वेडा, पण सचोटीचा.

सुट्टी लागली की एसटीने खारेपाटण गाठायचे, कारण ते जुनं बंदर. येताना पिशवीभर दगड. एकदा कंडक्टरने विचारलं, पिशवीत काय आहे? मास्तर म्हणाले, "आमचे पूर्वज." कंडक्टर आमच्याकडचाच. म्हणाला, "पूर्वजांका मांडयेर घेवन बसा. गाडयेत जित्यांका जागा नाय."

हे वेड त्यांना कुठे लागलं ते मला ठाऊक होतं, कारण ते आमच्याच विहिरीवर लागलं. ही हकिगत मला माझ्या सासूने सांगितली, तीही मोठ्या दिमाखाने. एका उन्हाळ्यात त्यांची विहीर आटली, म्हणून मास्तरांची आई कळशी घेऊन आमच्याकडे आली. बोटाला आठ वर्षांचे मास्तर. ख्रिस्ती बायका लांब उभ्या राहत आणि आमच्या घरचं माणूस त्यांच्या कळशीत वरून पाणी ओतत असे. पण त्या पोराला तहान लागलेली. त्याने विहिरीच्या पेळेवर, म्हणजे भोवतीच्या कट्ट्यावर पाय ठेवला. सासू ओरडली, "उतर खाली, बाटग्या! तुमच्या बावीत फिरंग्यान पाव टाकल्यान, आता आमच्या बावीत तू टाकतलस?" आणि काढलेलं सगळं पाणी तिने जमिनीवर ओतून टाकलं. मायलेक रिकामी कळशी घेऊन परत गेली.

मास्तरांनी मला हे कधी सांगितलं नाही. फक्त एकदा खापरी पुसता पुसता म्हणाले, "वयनी, बाटगो म्हणजे कोण? ज्याका दुसऱ्यान बाटवल्यान तो. आमी फिरंग्याच्या आधीपासून आपल्या मनान झालेले आसलंव, तर तो शब्द आमका लागता काय?" मी म्हटलं, "लागणा नाय." त्यावर ते खूश होऊन पुन्हा खापरी पुसायला लागले. सगळी उठाठेव एका शब्दासाठी होती. लोक शब्द विसरतात. मास्तरांनी त्यासाठी अर्धा तालुका खणला.

माझी सासू वारली आणि तेराव्या दिवसानंतर मास्तर गडग्याशी आले. त्यांना आमचा धुण्याचा दगड बघायचा होता. आमच्याकडचा चिरा लाल, आणि विहिरीजवळचा हा दगड काळा, म्हणजे तो बाहेरून आणलेला, असा त्यांचा हिशेब. मी म्हटलं, बघा की, दगडच तो. दगड पेळेच्या कडेला तिरपा रुतलेला होता. वरच्या अर्ध्यावर आम्ही कपडे आपटत होतो, खालचा अर्धा चिखलात होता. मी म्हटलं, वर या, नीट उभे राहा. तर म्हणाले, "नको वयनी, हंयसरच बरां." पन्नाशीचा माणूस पेळेला पाय न लावता, चिखलात बगळ्यासारखा वाकून, महिनाभर पळीने माती काढत होता. पळी मास्तरणीची. तिने त्या महिन्यात आमटी वाटीने वाढली.

शेवटी दगड मोकळा झाला. वर पुसट चंद्र आणि सूर्य, मधे झिजलेल्या ओळी, आणि खाली एक बाई आणि एक गाढव. मास्तर साबणाच्या पाण्यात गुडघ्यावर बसले. डोळ्यांतून धारा. "वयनी गो, मरीमाय! बाळाक घेवन मिसर देशाक चाललेली! गाढवार बसान!"

मी वाकून बघितलं. "बाळ खंय आसा?"

"झिजला."

मी दगडाकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं. माझं माहेर मिठबावचं. तिथे शिवेवर अगदी असाच दगड होता आणि त्याच्यासमोरून जाताना आजी आम्हा पोरींच्या डोळ्यांवर पदर धरायची. जुन्या काळी राजाने कुणाला जमीन दिली की असा दगड उभा करत. ही जमीन जो बळकावील त्याच्या आईची गाढवाकडून काय गत होईल, हे न वाचता येणाऱ्यालाही कळावं म्हणून खाली चित्र. थोडक्यात, ती दगडात कोरलेली शिवी होती. आईवरून.

माझी जीभ कुणाची भीड ठेवत नाही, हे साऱ्या वाडीला ठाऊक आहे. पण त्या दिवशी तिने रजा घेतली. एवढा मोठा माणूस गुडघ्यावर बसलेला, सांगणार काय आणि कसं?

त्यानंतर दर शनिवारी मास्तर गडग्यावरून येऊन शिवीसमोर मेणबत्ती लावायचे आणि अबोलीचा गुंफलेला वळेसर ठेवायचे. मला म्हणाले, "वयनी, आता ह्येच्यार कपडे धुव नकात." मी म्हटलं, "मगे लुगडी धुवक मी मिसरात जाव?" शेवटी तोड निघाली. शनिवार मरीमायचा, बाकीचे सहा दिवस माझ्या लुगड्यांचे.

मधल्या काळात त्यांनी मुंबईच्या सरकारी कचेरीला पत्रं धाडली. एक नाही, ढिगाने. अक्षर सुंदर. कचेरीला दया आली असावी, कारण गोवा सुटला त्याच्या दुसऱ्या वर्षी खरंच एक साहेब आला. तरुण, सभ्य, चष्मेवाला. मास्तरांनी कोटाला इस्त्री केली, खिसे रिकामे केले. सारी वाडी आमच्या विहिरीभोवती जमली. मला तेव्हा तरी मास्तरांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. मी चहा करत बसले.

साहेबाने दगड पाहिला आणि त्याचे कान लाल झाले. म्हणाला, "बायकांनी जरा पलीकडे जावं." बाकीच्या गेल्या. मी गेले नाही, विहीर माझी. मग तो मास्तरांना हळूच म्हणाला, "गुरुजी, याला गद्धेगळ म्हणतात. ही माता मेरी नाही. हा... म्हणजे... हा शाप आहे." आणि कसला शाप ते त्याने कानात सांगितलं. पण आमच्या वाडीत कानात सांगितलेलं सगळ्यांत आधी ऐकू येतं.

"दोन वर्सां मास्तरान शिवयेक मेणबत्ती लायल्यान रे!" कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. त्या हशातून मागून एक आवाज आला, "बाटगो तो बाटगोच."

मास्तरांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. खिसे रिकामे होते, हातांना धरायलाही काही नव्हतं.

मी पदर खोचला. साहेबाला विचारलं, "जमीन कोणाक दिलेली ता लिवलेला आसा?"

"असतं, बाई. नाव इथे मधल्या ओळीत असणार." त्याने दगडावरून हात फिरवला. "पण हा भाग पार गुळगुळीत झालाय. यावर कपडे आपटता का?"

"आपटतंव. मी, माझी सासू, तिची सासू."

"मग नाव गेलं. तुम्हीच धुऊन टाकलंत."

"मगे ती जमीन ह्येंच्या पूर्वजांका दिलेली नसात कशावरून?"

साहेब गोंधळला. "तसं म्हणता येणार नाही..."

"मगे दिलेली नाय, असाय म्हणता येवचा नाय मां? झाला तर! बाटगो कोण म्हणालो तो फुडे येवन ह्या वाचून दाखवांदे."

पुढे कुणीच आलं नाही. साहेबाने घाम पुसला. आणि मी जिंकले असं मला वाटत असतानाच मास्तर बोलले. "नको, वयनी. खोट्याची साक्ष नको. गाढव ता गाढव." मग साहेबाला म्हणाले, "आपल्याला तसदी पडली, माफ करा. चहा घेऊन जा." शाळेतल्या शुद्ध मराठीत, एकही शब्द न चुकता.

लोक गेले. साहेब ओला कागद चिकटवून दगडाचा ठसा घेऊन गेला. दिवस कलताना मास्तर पुन्हा आले, वळेसर उचलायला. मी भांडी घाशीत होते.

"तुमका म्हायत होता, वयनी?"

"होता."

"मगे सांगलात नाय?"

"तुमी गुडघ्यार बसलेलात."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. वळेसर उचलला आणि म्हणाले, "जरा पाणी देशात?"

माझे दोन्ही हात राखेने भरलेले. मी म्हटलं, "कळशी थंय आसा, दोर थंय आसा. वर येवा आणि काढून घेवा. मी काय तुमची चाकर?"

मास्तरांनी पेळेकडे बघितलं. मग चपला काढल्या, देवळात काढतात तशा, आणि वर चढले. कळशी सोडली, ओढली, ओंजळीने प्याले. कोटाच्या बाह्या भिजल्या. तोंड पुसत म्हणाले, "गोडा आसा."

"मगे? गलबत काय उगाच थांबला आसतला?" मी म्हटलं.

मास्तर हसले. नंतर तीन महिने त्यांनी छत्रीच्या टोकाला माती लागू दिली नाही. चौथ्या महिन्यात मास्तरीण गडग्याशी येऊन म्हणाली, "गेलो गो खारेपाटणाक." तिच्या आवाजात तक्रार कमी आणि दिलासा जास्त होता.

मास्तर जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. पुरायला मी गेले होते. पाद्री प्रार्थना म्हणत होता आणि मी कबरीच्या काठाशी जाऊन खड्ड्यात डोकावून बघितलं. कुणी मला बखोटीला धरलं नाही, म्हातारी म्हणून सोडून दिलं. खाली नुसती लाल माती होती. एकही खापरी नाही.

दगड अजून विहिरीवर आहे. मेणबत्ती वगैरे मी लावत नाही, शिवीला कोण मेणबत्ती लावतं? कपडे मात्र आता न्हाणीघरातच धुते. सुनेला सांगितलंय, विहिरीवर वाकलं की गुडघे दुखतात.