तांदळाच्या डब्यातली लेन्स

लवूभाऊ मांडवकरांना मी किती ओळखत होतो असं कुणी विचारलं, तर खरं उत्तर एकच : फारसा नाही. ते तिसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. अठरा वर्षांत आमचं बोलणं झालं ते पाणी किती वाजता आलं, कचरेवाला आला का, आणि ‘काय, बरं ना?’ एवढ्यावर. पुढे जे लिहितोय त्यातलं बरंचसं त्यांच्या मुलाने, साईराजने सांगितलं. थोडं लवूभाऊंनीच एका संध्याकाळी गच्चीवर सांगितलं, आणि त्यांचं दार उघडं असलं की जिन्यात जे ऐकू यायचं, तेही यात आहे. मला लिहायची सवय नाही. कुठे चुकलं तर दोष माझा.

लवूभाऊ मूळचे लांजा तालुक्यातले. भाईंदर पूर्वेला स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत त्यांनी चौतीस वर्षं फोटो काढले, पण एकाच जातीचे. पासपोर्ट साइज. लग्नं, बारशी, साखरपुडे दुसऱ्यांकडे जायचे. लवूभाऊ मागच्या खोलीत, निळ्या पडद्यासमोर स्टुलावर बसलेल्या माणसाला सांगायचे, “हनुवटी खाली. दोन्ही कान दिसू द्या. हसू नका.” की झालं काम. शाळेचे अर्ज, रेशनकार्डं, बँकेची पुस्तकं अशा कुठे कुठे त्यांनी काढलेले चेहरे चिकटलेले असतील, त्याला गणती नाही. आणि त्यातला एकही चेहरा तो ज्याचा होता त्याला आवडलेला नसणार.

त्यांच्या बायकोला, शेवंतीवहिनींना तर मुळीच नाही.

“चाळीस वर्षं फोटोवाल्याचा संसार केला,” त्या आल्यागेल्याला सांगायच्या, “आणि माझा फोटो बघा. घरफोडी करताना धरलेली वाटते.”

वहिनी बोलायला फटकळ आणि हसायला मोकळ्या. फक्त हसताना पदर तोंडावर जायचा. वरच्या पुढच्या दातांपैकी एक दात शेजारच्यावर चढलेला होता. लहानपणी गावात पोरी चिडवायच्या, म्हणून आईने शिकवलं होतं, हसू आलं की पदर. पदर नसला तर हात. ती सवय साठी उलटली तरी गेली नव्हती. त्यामुळे घरच्या सगळ्या फोटोंत त्या एकतर मिटल्या तोंडाच्या, नाहीतर पदराआड.

मग एक दिवस त्या दातांच्या डॉक्टरकडून आल्या. हिरड्या गेल्यात, वरचे चार दात काढायचे, कवळी बसवायची. तीन आठवड्यांनंतरचा मंगळवार मिळाला होता.

“बरं झालं,” जेवताना वहिनी म्हणाल्या. “आता सरळ दात येतील. नवीन स्थळं बघायला हरकत नाही.”

“आई, बायोडेटा मी टाइप करतो,” साईराज म्हणाला.

दोघं हसले. वहिनींचा हात उष्टा, म्हणून कोपर आडवं गेलं. लवूभाऊ मात्र हातातला घास तसाच धरून बसले. बायकोचं हे हसू, तो दात चढलेला, आणखी तीन आठवडेच आहे. आणि जगभराला ‘हसू नका’ सांगत आयुष्य गेलेल्या आपल्याकडे त्याचा एकही फोटो नाही. हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

हात धुतल्यावर ते साईराजजवळ गेले. “तुझ्या त्या कॅमेऱ्याला जुनी लेन्स बसते का रे?”

“मध्ये एक रिंग लावली की बसते. पण बाबा, फोकस हाताने करावा लागेल.”

“मग? आणखी कशाने करतात?”

साईराजने मोबाइलवर जुन्या लेन्सा शोधायला घेतल्या. रोज संध्याकाळी बापलेक बाजूबाजूला बसून फोटो सरकवायचे. चौथ्या दिवशी लवूभाऊंनी त्याचं बोट धरलं. “थांब. ही मोठी कर.” काळी, बुटकी, रशियन बनावटीची, पंच्याऐंशी एमएमची लेन्स होती. पुढच्या कड्याला एक खोक पडलेली.

“ही मला माहितेय,” लवूभाऊ म्हणाले.

स्टुडिओत फिल्म धुवायला एक गुजराती लग्नफोटोग्राफर यायचा. त्याच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याला ही लेन्स असायची. तिने काढलेल्या नवऱ्यामुलींचे फोटो वाळत घातलेले लवूभाऊंनी पाहिले होते. डोळे असे की आता बोलतील, आणि मागचा मांडव, पाहुणे, दिवे सगळं पाकात विरघळल्यासारखं. एकदा त्यांनी नुसता हात लावला होता, तर स्टुडिओचा मालक म्हणाला होता, “लवू, ते तुझं काम नाही. बाहेर तिघं थांबलेत पासपोर्टवाले.”

लेन्स भाईंदरमधल्याच जेसल पार्कात निघाली. तो फोटोग्राफर वारून दोन वर्षं झाली होती. दार त्याच्या बायकोने, हंसाबेननी उघडलं. पाणी झालं, चहा झाला. मग त्यांनी पिशवीतून लेन्स काढून टीपॉयवर ठेवली. लवूभाऊंनी ती रुमालाने हातात घेतली, खिडकीकडे धरली आणि एक डोळा मिटून आत बघितलं. खाडीची हवा; काचेला आतून बुरशी धरते, कोळिष्टकासारखी. इथे नव्हती. कडं फिरवलं. तुपात बोट फिरावं तसं फिरलं.

“एक दिन नहीं गया जब पोंछा नहीं,” हंसाबेन म्हणाल्या. “मेरा मुँह नहीं देखते थे इतना इसका देखते थे.” मग जरा थांबून, “किसका फोटो खींचोगे?”

“घरवाली का.”

“शादी को कितना साल?”

“चालीस.”

हंसाबेन अशा हसल्या की साईराज दचकला. “चालीस साल बाद याद आया! चलो, आया तो सही. मेरेवाले ने आधे भाईंदर की दुल्हन खींची, मेरा एक नहीं. ले जाओ, भाई.”

साईराज टीपॉयखालून पायाने खुणावत होता, भाव करा म्हणून. लवूभाऊंनी सांगितली ती रक्कम दिली आणि वर लेन्सला नमस्कार केला.

पहिले दोन दिवस ते लहान मुलासारखे होते. तुळशीची कुंडी, डब्याचं झाकण, खालचा वॉचमन, जे समोर येईल त्याच्यावर कडं फिरवायचे. धूसर, धूसर, आणि मग एकाएकी पापणीचा केस न केस. “बघ, बघ, मागचं कसं विरघळलं,” म्हणून साईराजला हाक. वॉचमनने स्वतःचा फोटो पाहिला आणि म्हणाला, “साहब, ये मैं है?” असं कौतुक लवूभाऊंच्या वाट्याला चौतीस वर्षांत आलं नव्हतं.

पण वहिनींची वेळ आली आणि हाताने जुनंच वळण घेतलं. त्यांनी भिंतीवर निळी चादर लावली. समोर स्टूल ठेवलं. वहिनी नवी साडी नेसून बसल्या.

“हनुवटी खाली. केस मागे घे, कान दिसू दे. हां. हलू नको.”

साईराजने स्क्रीनवर डोकावून पाहिलं. “आई, अभिनंदन. व्हिसा पक्का.”

लवूभाऊंनी ते फोटो पुसून टाकले. दुसऱ्या रविवारी पुन्हा. चादर काढली, तरी तोंडातून ‘कान’ सुटायचंच, आणि ते ऐकलं की वहिनी आपोआप ताठ व्हायच्या. हसायला सांगितलं तर पदर वर. पदर खोचून ठेवायला सांगितलं तर हात. “अहो, मी काय मुद्दाम करतेय? सांगून हसू येतं का कुणाला?” दोन आठवडे गेले. लवूभाऊंना मनातून वाटू लागलं, मालक खरंच बोलला होता. हे आपलं काम नाही.

त्यात भर पडली. शुक्रवारी लेन्सवर जरा वाफ धरलेली दिसली, आणि लवूभाऊ नुसते पुटपुटले, “हवा दमट आहे, बुरशी धरेल एखाद्या दिवशी.” वहिनींनी ते मनावर घेतलं. मागे साईराजचा मोबाइल पाण्यात पडला होता, तेव्हा त्यांनीच तो तांदळात पुरून सुकवला होता. तोच उपाय. लवूभाऊ बाजारात गेल्यावर त्यांनी लेन्स उघडीच तांदळाच्या डब्यात खोल खुपसली आणि झाकण घट्ट लावलं. गावचे तांदूळ, किडू नयेत म्हणून बोरिक पावडर चोळलेली.

शनिवारी सकाळभर शोधाशोध. दुपारी वहिनी भातासाठी तांदूळ मोजायला गेल्या तेव्हा त्यांना आठवलं.

कडं फिरवलं तर करकर वाजलं. सगळ्या खाचांत पांढरी पूड. लवूभाऊ दाढीचा जुना ब्रश घेऊन खिडकीत बसले. वहिनी मागे उभ्या.

“मी काय वाईट म्हणून केलं का?”

“नाही गं.”

“मग बोला तरी काहीतरी.”

“मोबाइल सुकतो तांदळात. हिला पीठ लागतं,” लवूभाऊ म्हणाले. रागाने नव्हे, पण त्यानंतर दिवसभर ब्रश खाली ठेवला नाही. दुरुस्तीवाल्याने बुधवार सांगितला. दात मंगळवारी जायचे होते.

रविवारी सकाळी उत्तनकडची कोळीण मावशी मांदेली देऊन गेली. वहिनी स्वयंपाकघरात खिडकीखाली पाट मांडून साफ करायला बसल्या. खिडकीतून ऊन नव्हतं, नुसता मऊ उजेड येत होता. लवूभाऊ चहाला आत आले आणि दारातच थांबले. मग कॅमेरा घेऊन आले आणि समोर जमिनीवर मांडी घातली.

“आता? या अवतारात?” वहिनी म्हणाल्या. गाऊनवर टॉवेल टाकलेला, केस विस्कटलेले, हात मनगटापर्यंत खवल्यांनी माखलेले. “कान दोन्ही आहेत का बघून घ्या आधी.”

“तू तुझं काम कर. कडं फिरतंय का तेवढं बघतो.”

कडं फिरलं, पण इंच इंच. करकर. थांब. करकर. वहिनींचं डोकं हललं की फोकस गेला, पुन्हा पहिल्यापासून. एरवी क्षणात होणाऱ्या गोष्टीला मिनिट लागायला लागलं. आणि एक मिनिटभर ताठ कोण बसणार? वहिनी विसरून गेल्या. मांदेलीची डोकी मोडत बोलायला लागल्या, मावशी आज लवकर आली, भाव ऐकवत नाही, पोराला कालवण हवं की तळलेली.

करकर.

“अहो, तो जात्याचा आवाज बंद करा. दळण टाकलंय का त्यात?”

“तुझेच तांदूळ आहेत.”

तेवढ्यात लेन्सच्या पुढच्या कड्यातून तांदळाचा एक अख्खा दाणा निसटला आणि टपकन मांदेलीच्या ताटात पडला. दोघांनी दाण्याकडे पाहिलं.

“भातही तुम्हीच घालताय वाटतं!” वहिनी म्हणाल्या, आणि हसू फुटलं. सवयीने हात वर गेले, खवले दिसले, अर्ध्यावर थांबले. पदर नव्हताच. हसू थांबेना. केसांची बट गालावर येऊन एक कान पार झाकला गेला. लवूभाऊंच्या ओठांवर शब्द आला, ‘कान’. त्यांनी तो गिळला, कडं शेवटचं एवढंसं ढकललं आणि बटण दाबलं.

एकच. मग त्यांनी कॅमेरा खाली ठेवला.

त्या फोटोत डोळे स्वच्छ आहेत, दात स्वच्छ आहेत, वरचा आपला दुसऱ्यावर चढून बसलेला. मागची भांडी, खिडकी, सगळं विरघळलेलं. वहिनींनी हात धुवून स्क्रीन जवळ धरली, मग लांब, मग पुन्हा जवळ.

“माझी आय दिसते,” शेवटी म्हणाल्या. “आयेचा पण दात असाच होता. लपवायला तिनेच शिकवलं.” मग डोळे पुसले आणि आवाज पूर्ववत करून, “पण एक कान कुठाय? चौतीस वर्षांत हेच शिकलात?”

“राहू दे,” लवूभाऊ म्हणाले. “कुठे पासपोर्ट काढायचाय.”

मंगळवारी दात गेले. बुधवारी दुरुस्तीवाल्याने लेन्स उघडून धुतली आणि आतून निघालेल्या कण्या पुडीत बांधून परत दिल्या. फोटो मोठा करून फ्रेम केला, पण भिंतीला लावू दिला नाही वहिनींनी. “भिंतीवर मेलेल्यांचे. मी अजून मांदेली साफ करतेय.” तो फ्रिजवर उभा राहिला. कवळीने हसताना त्या पदर घेत नव्हत्या, हे मात्र मी स्वतः पाहिलं.

पुढचं वर्षभर लवूभाऊ लेन्स घेऊन हिंडले. बसने उत्तनजवळच्या डोंगरीला जायचे, काशीगावात भाजीवाल्यांपाशी बसायचे. हंसाबेनचाही फोटो काढून नेऊन दिला. आता कडं पुन्हा तुपासारखं फिरायचं, पण ते मुद्दाम सावकाश फिरवायचे. “माणूस विसरेपर्यंत थांबायचं,” असं मला गच्चीवर म्हणाले. मलाही दोन-तीनदा विचारलं, “बसा ना समोर पाच मिनिटं.” मी लाजलो. उद्या बघू, म्हणालो.

मग इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं, आणि एकेक बिऱ्हाड निघालं. साईराजने ऑफिसजवळ भाड्याने जागा घेतली, आणि लवूभाऊ व वहिनी गावी निघाले. टेम्पो भरून झाला तेव्हा मी खाली उतरलो. वहिनी पुढे बसल्या होत्या. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम, त्यावर लेन्सची पिशवी.

मला पुष्कळ बोलायचं होतं. ‘आज बसतो समोर’ असंही म्हणायचं होतं.

“लेन्स घेतलीत ना?” मी विचारलं.

“घेतली. तांदूळ वेगळे बांधलेत,” लवूभाऊ म्हणाले. मग टेम्पोत चढता चढता वळले. “आमच्या मोरीचा नळ टपकतोय. वॉचमनला तेवढं सांगा, पाणी फुकट जायला नको.”

“सांगतो.”