हमदमआकांचं नवं नाक

मर्गिलानच्या आमच्या गल्लीत रोट्या भाजणारे हमदमआका वर्षानुवर्षं तोंडानंच श्वास घ्यायचे. रोटी करपली, की बायको ओरडून सांगायची. शेवटी ऑपरेशन करून त्यांनी नाकातलं वाकडं हाड सरळ करून घेतलं.

"आठवडाभर शिंकू नका, टाके तुटतील," डॉक्टरांनी बजावलं.

घरी येतात तो दारातच आई वाळक्या इसिरिकच्या पाल्याचा धूर घेऊन उभी!

"ये, दृष्ट काढते."

"आई, शिंक येईल ना!"

"अरे, अख्खी गल्ली तुझं नाक बघतेय!"

आका खोलीत पळाले, आतून कडी लावली आणि खिडकीतून टोपी फेकली. "हिची काढ!"

आईनं मन लावून टोपीभोवती धूर फिरवला आणि स्वतःच धडाधड शिंकली.

"बघ, केवढी लागली होती! आणि म्हणे नको!"