रेघेचा एडका

ही हकिकत मी इतकी वर्षं टाळली. त्याला भित्रेपणाखेरीज दुसरं कारण नाही. बारामतीत कुठं कार्यक्रम असला की निवेदक माझी ओळख करून देतो, ‘आपल्या भागात कॉम्प्युटरवरची छपाई आणणारे.’ मी मान लववतो, शाल घेतो, नारळ पिशवीत टाकतो आणि घरी येतो. त्या ओळखीतला चांगला भाग माझ्या साडूचा आहे, हे मी एकाही व्यासपीठावरून सांगितलं नाही. त्याचा उल्लेख मी चारचौघांत एकदाच केला, आणि तो त्याला बुडवण्यासाठी.

नव्वदीची मधली वर्षं होती. साखर कारखान्याच्या ऑफिसातली कारकुनी सोडून मी भिगवण रस्त्याला एक गाळा घेतला, कॉम्प्युटर आणला, एसी बसवला. लोक चपला बाहेर काढून आत येत. पाडव्याला कुणीतरी मॉनिटरला हळदकुंकू वाहिलं, तेही मी पुसलं नाही. धंद्याला बरं असतं.

गिऱ्हाइकांविषयी मला कधीच आदर वाटला नाही. एका लग्नपत्रिकेवर त्यांना गणपती, कलश, दोन हत्ती आणि मुलाच्या मामाचा फोटो हवा असे. अक्षराला सावली पाहिजे, सावलीला सोनेरी कड पाहिजे, कडेला चमक पाहिजे. ‘कॉम्प्युटरवर केलंय, पर वाटंना की तसं,’ ही त्यांची नेहमीची तक्रार. मग मी आणखी दोन रंग ओतायचो आणि ते खूश होऊन जायचे. मनात त्यांना मूर्ख म्हणायचं आणि हातानं तेच करून द्यायचं, यात मी फार लवकर तरबेज झालो. पुढं पुढं तर चांगलं काय ते मला दिसत होतं की नव्हतं, याचीच शंका येते.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. इंदापूरला त्याचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान होतं. त्यानं पुण्यात चित्रकलेची पदविका घेतली होती आणि ती तो कुणाला विसरू देत नसे. सुतकाला गेला तरी दारातली रांगोळी कुठं चुकलीय ते सांगून यायचा. आवाज मोठा. शिकलेला असून बोलायचा मुद्दाम गावठी, समोरच्याला चिडवायला. त्याच्याकडं कॉम्प्युटर नव्हता. दुपारी एस्टीनं यायचा आणि माझ्या खुर्चीत बसायचा. मी पुस्तक उघडून महिनोन् महिने जे घोकत होतो, ते त्यानं माऊस हलवत हलवत हसत उचललं. मला तो आवडत नव्हता असं नाही. तो माझ्या खुर्चीत शोभायचा, ते मला आवडत नव्हतं.

कॉम्प्युटरवर चित्र काढायच्या दोन तऱ्हा होत्या. एकीत चित्र म्हणजे बारीक बारीक रंगीत चौकोनांची दाटी. लहान आकारात ते सुरेख दिसतं. मोठं करायला गेलं की चौकोनच मोठे होतात आणि डोळ्यांत खुपतात. दुसरीत नुसत्या रेघा. रेघ कुठून निघाली, कुठं वळली, कुठं संपली एवढंच यंत्र लक्षात ठेवतं आणि सांगाल त्या आकारात पुन्हा नव्यानं ओढतं. साडू ते त्याच्या पद्धतीनं सांगायचा.

“साडूबुवा, ठिपक्याचं चित्र म्हंजी रांगोळी. उंबऱ्यापुढं झ्याक. तीच ओढून गावभर करा म्हणलं तर नुसती भुकटी उडती. रेघंचं चित्र म्हंजी सुतारानं मारलेली दोरी. हितनं तितं. लांब करा न्हायतर आखूड करा, वाकडी व्हत न्हाय.”

“गिऱ्हाइकाला दोरी नको असते,” मी म्हणायचो. “त्याला रंग पाहिजे.”

“गिऱ्हाईक येडं हाय म्हणून आपुन बी व्हायचं व्हय?”

त्याच सुमाराला कऱ्हाटी-पिंपळीकडच्या काही मंडळींनी एक संस्था काढली. एकेकाळी मेंढरं राखणारी घरं ही. आता कुणी ऊस लावत होता, कुणी मास्तर, कुणी ट्रकवर. लोकर गोळा करायची, घोंगड्या विणून घ्यायच्या आणि शहरात विकायच्या, असा बेत. त्यांना संस्थेचं चिन्ह हवं होतं. घोंगडीच्या कोपऱ्याला शिवायच्या बोटभर लेबलावर तेच आणि गोदामाच्या दर्शनी भिंतीवरच्या बोर्डावरही तेच. म्हणजे काम रेघेचंच होतं. त्यात वाद घालायला जागा नव्हती.

ते काम साडूनं मागून घेतलं. लोक छपाईसाठी कॉम्प्युटरकडं, म्हणजे माझ्याकडं, वळू लागल्यापासून त्याचं दुकान बसत चाललं होतं. हे चिन्ह भिंतीवर चढलं की त्याचा हात दोन्ही तालुक्यांना दिसणार होता, आणि चिन्ह पसंत पडलं तर लेबलांसकट संस्थेची सगळी छपाई त्याला द्यायचं चेअरमननं कबूल केलं होतं. दुकान वाचायचं तर यातूनच वाचणार होतं. हे तो बोलला नाही. त्याच्या बायकोनं माझ्या बायकोला सांगितलं, आणि माझ्या बायकोनं मला.

एका वाघरेवर, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या वाड्यात जाऊन, त्यांच्या मधोमध बसून तो एडके बघून आला. मग माझ्या यंत्रावर बसला. कानामागून निघालेली रेघ दोन वेढे घेऊन शिंग व्हायची आणि तशीच न तुटता पाठीवरून शेपटाकडं जायची. डोळ्याला एक टिंब. बस. मी आयुष्यात छापलेल्या हजारो भंपक कागदांत असं काही नव्हतं. मी म्हणालो, “ठीक आहे.”

चेअरमन बघायला आले तेव्हा साडू इंदापुरात होता. चेअरमन म्हणजे बोटांत अंगठ्या, खिशाला दोन पेनं, आणि त्यांतलं एकही कधी उघडलेलं नाही. पडद्याकडं बराच वेळ बघून म्हणाले, “ह्या नुसत्या रेघाच हायती की. आवो, एवढं तर माझी नात पाटीवर काढंल. कॉम्प्युटर कुठं दिसतोय ह्यात?”

रेघच का, हे त्यांना समजावणं माझं काम होतं. मी हसलो आणि म्हणालो, “करू की काहीतरी.” खरं सांगायचं तर त्यांचं बोलणं ऐकून मला बरं वाटलं होतं.

मग मी त्या एडक्याची माती केली. रेघांचं चित्र ठिपक्यांत बदललं, तेही व्हिजिटिंग कार्डाएवढं, कारण त्याहून मोठं केलं की माझं यंत्र अडकून बसायचं. शिंगाला सोनेरी रंग, अंगावर लोकरीचा फवारा, खाली सावली, मागं तेजोवलय. चेअरमन खुर्चीतून उठले. “आता कसं! द्येवावानी दिसाया लागलं.” मी ते साडूच्याच फाइलच्या नावानं ठेवलं. जुनं पुसू का, असं यंत्रानं विचारलं होतं. मी हो म्हटलं. साडूनं त्या चित्राची एक फ्लॉपी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली होती; पुण्याला पाठवायला तीच काढली आणि तिच्यावरही तेच चढवलं. त्याच्या रेघा आता कुठंच उरल्या नाहीत. हे चुकून झालं, असं मी स्वतःला फार दिवस सांगत होतो. चुकून एकदा होतं.

पुण्यात तेव्हा मोठ्या बोर्डाएवढं छापणारी मशिनं नुकतीच आली होती. तिथल्या माणसानं फोन केला. “साहेब, फाइल फार लहान आहे. एवढं मोठं केलं तर चौकोन दिसतील. रेषेतली मूळ फाइल असेल तर पाठवा.”

“नाही,” मी म्हणालो. “आहे तेच छापा. लांबून कोण बघतंय?”

उद्घाटनाला मांडव, ढोल, भंडारा, सगळं होतं. पुण्याहून आलेला कापडी बोर्ड सकाळी घाईघाईनं चौकटीवर ताणला आणि लगेच पडद्याआड झाकला. कुणी धड पाहिलाही नाही. साडू नवा शर्ट घालून आला होता. बरोबर बायको आणि इंदापूरचे चार शेजारी, त्याचं चित्र बघायला आणलेले. पाहुण्यांनी दोरी ओढली. भंडारा उधळला गेला. उधळलेला भंडारा खाली बसला आणि ढोल आपोआप थांबला.

शिंगाला पायऱ्या पडल्या होत्या. डोळ्याच्या जागी काळी वीट. तेजोवलयाचे पिवळे ठोकळे ठोकळे झाले होते. चेअरमनच्या म्हाताऱ्या वडिलांनी कपाळावर हात धरून वर बघितलं.

“आरं, ह्ये मेंढरू हाय का घोंगडं?”

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मागून कुणीतरी ओरडलं, “तात्या, शिंगाला पायऱ्या हायती. चढून बसा, लांबचं दिसंल!”

चेअरमनचं तोंड काळंठिक्कर पडलं. ‘द्येवावानी’ म्हणणारे आपणच, हे ते त्या क्षणी साफ विसरले. अशी माणसं विसरतातच; त्यावरच ती चेअरमन होतात. माझ्याकडं वळून म्हणाले, “कुणी काढलं ह्ये चित्र?”

“आमच्या साडूंनी,” मी म्हणालो. “पुण्याला पाठवलं मी.”

दोन्ही वाक्यं सुटी सुटी घेतली तर खरी होती. इतक्या नीटनेटकेपणानं खोटं बोलायला शाळा शिकलेला माणूसच लागतो.

साडू गर्दीतून पुढं आला. “ह्यो माझा एडका न्हाय. साडूबुवा, माझी रेघ कुठं हाय? मी दिलेली फ्लॉपी दावा ह्यास्नी.”

“फ्लॉपी खराब होती,” मी म्हणालो. “तुम्ही दिली तेव्हाच.”

त्या काळी धुळीनं, उन्हानं फ्लॉप्या सर्रास बाद होत. लोकांनी माना डोलावल्या. त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि त्याला सगळं कळलं, हे मला कळलं. उभ्या गावाला ऐकू जाईल असा त्याचा आवाज. पण मांडवाच्या खांबापाशी दोघी बहिणी एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या. त्यानं तिकडं एकदा बघितलं.

“बरं,” तो म्हणाला. “तुमचं खरं.”

बोर्ड दुसऱ्या दिवशी उतरवला. संस्थेची छपाई कुणाला मिळाली, हे सांगायचीही लाज वाटते. ती मला मिळाली. इंदापुरात पोरं-थोरं त्याच्या दुकानापुढं थांबून विचारायची, “पायरीवालं, आमच्या म्हशीच्या शिंगाला पायऱ्या बसवून मिळत्याल का?” वर्षाच्या आत त्यानं दुकान बंद केलं आणि औषधांच्या बाटल्यांची लेबलं छापणाऱ्या एका कारखान्यात पाळीवर लागला. पुन्हा त्यानं चित्र काढलेलं कुणी पाहिलं नाही. मी एकदा दार लावून ते शिंग परत काढायचा प्रयत्न केला. माझ्या हातून निघाला तो बोकडही नव्हता.

आमच्याकडं लग्नात साडू-साडूंना पंगतीत शेजारी बसवतात आणि थट्टा करतात. पुढची कितीतरी वर्षं आम्ही तसे बसलो. त्यानं अबोला धरला नाही. फक्त त्या दिवसापासून तो मला ‘साडूबुवा’ म्हणेनासा झाला. ‘आबा’ म्हणायला लागला. “आबा, जिलबी घ्या की. आबा, पाय दुखत्यात का?” एवढ्या मानानं कुणी कुणाला दूर लोटलेलं मी पाहिलेलं नाही. आणि मी जिलबी घेत होतो.

कारखान्यातून तो निवृत्त झाल्यावर एकदा मी मुद्दाम एकटा इंदापूरला गेलो. वाक्य एस्टीत घोकलं होतं. तो खुर्चीत बसला होता. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, हिरवा चष्मा. मेव्हणीनं चहा ठेवला आणि आत गेली.

“एक सांगायचं होतं,” मी म्हणालो.

त्यानं कप खाली ठेवला. “बोला की, आबा.”

तो खरोखर थांबला होता. मी चष्म्याच्या काचांकडं बघत राहिलो आणि म्हणालो, “चहा बिनसाखरेचा केलात, बरं झालं.”

“व्हय,” तो म्हणाला. “तुमाला साखर चालत न्हाय, म्हाईत हाय.”

पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. दहाव्याला मी गेलो होतो. सगळं उरकल्यावर मेव्हणी जवळ येऊन बसली. “दाजी, त्या दिवशी तुमी काय सांगायला आला हुता? ह्ये लई दिस म्हणत व्हते, आबा येत्याल परत, त्येंचं बोलायचं ऱ्हायलंय.”

“काही नाही,” मी म्हणालो. “असंच.”

असंच नव्हतं. घोकलेलं वाक्य हे होतं: साडूबुवा, तुमचं चित्र मी पुसलं, काय होणार ते मला आधीच माहीत होतं, आणि तुमच्या माणसांसमोर मी खोटं बोललो, मला माफ करा.