सासूबाईंचं बियाणं आणि माझी दुसरी फेरी

सासूबाई हात हलवत होत्या, म्हणून मीही हात हलवला. माझी चूक एवढीच. बाकीचं सगळं गाडीनं केलं.

ही गाडी म्हणजे गोंदियातले रस्ते झाडणारं यंत्र. खाली दोन गोल ब्रश गरगर फिरून कचरा मधे लोटतात आणि एक जाड नळी तो ओढून मागच्या टाकीत भरते. आधी मी कचऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचो, तेव्हा सासुरवाडीत गाडी जरा दूरच लावायला सांगत. आता काचेची केबिन मिळाली होती. सासूबाईंनी मला तिच्यात बसलेलं एकदा पाहावं, एवढीच इच्छा उरली होती.

त्यांचं घर शहराच्या टोकाला, सिमेंटच्या रस्त्यालगत. आमच्याकडे मळणी आटोपली की अर्धा रस्ता गाड्यांचा आणि अर्धा धानाचा. लोक धान वाळत घालतात, कडेनं विटा मांडतात आणि ट्रकवालेसुद्धा विटा पाहून बाजूनं जातात. मुकादमानं बजावलं होतं, विटा दिसल्या की ब्रश उचलायचे. त्या सकाळी विटा होत्याच. मी मात्र ओसरीकडे पाहत होतो.

सासूबाई ओसरीतून धावत आल्या, दोन्ही हात वर. काचा बंद, बाहेरचं काही ऐकू येत नाही. मला वाटलं, एकोणीस वर्षांनी का होईना, जावयाची कदर झाली. मी हात हलवला, पुढे जाऊन गाडी वळवली आणि त्यांना नीट दिसावं म्हणून दुसरी फेरी मारली.

इतका स्वच्छ रस्ता मी नोकरीत कधी झाडला नव्हता.

खायचं धान असतं तर विकत आणून दिलं असतं. पण ते चिन्नोर या वासाच्या तांदळाचं बियाणं होतं, सासूबाईंच्या सासूपासून घरात राखलेलं, पुढच्या पावसाळ्यात पेरायचं. दुसऱ्या घरच्या चिन्नोरला त्या चिन्नोर मानतच नाहीत.

"जावईबापू," त्या एवढंच म्हणाल्या, "टाकी खोला."

अंगणात ताडपत्री टाकून टाकी रिकामी केली. धूळ, तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पन्न्या, एक चप्पल, आणि त्यातच कुठेतरी धान. सासूबाईंनी सूप माझ्या हाती दिलं आणि स्वतः बाजेवर बसल्या. मला पाखडता येत नाही. धूळ सुपात राहायची, धान उडायचं.

"वाऱ्याकडं तोंड काऊन करता? पाठ करा जी."

मी पाठ केली. कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "जावईबापू, हे झालं का आमची तूर बी पाखडून द्या."

तेवढ्यात मुकादमाचा फोन. "कहाँ हो भाऊ? जीपीएसमें गाडी कबसे एकही जगह दिखा रही है."

"टाकी साफ करून राहिलो साहेब," मी म्हणालो. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

दुपार कलली तेव्हा बियाणं पोत्यात परत गेलं, थोडं कमी, थोडं काळवंडलेलं. पण ब्रशनं दाणे दुखावले असतील तर ते पेरून काय उपयोग? सासूबाईंनी मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले. "कोंब आले त ठीक," त्या म्हणाल्या. नाही आले तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

घरी बायकोनं बोलणं बंद केलं. ताट वाढायची, पण भाताकडे बोट दाखवून. मीही त्या दिवसांत दुसऱ्यांदा भात मागितला नाही.

पाचव्या दिवशी तिच्या आईचा फोन आला. ती बराच वेळ नुसतं "हो माय, हो माय" म्हणत होती. मी वर्तमानपत्र धरून बसलो होतो, ते कालचं होतं.

फोन ठेवून ती म्हणाली, "कोंब आले म्हणते."

मी श्वास सोडला. तिनं मला खालून वर पाहिलं.

"एकोणीस वर्षं झाले, आपल्या घरात कधी झाडू हाती धरला नाही. अन् माझ्या मायच्या दारात मात्र दोन डाव झाडून आले."