ताण्याच्या गल्लीतला खांब

वीज आली की गरिबाचं घर उजळेल, असं वीज कंपनीची माणसं शहापुरात सांगत फिरत होती. आमच्या गल्लीत वीज आली ती खड्ड्याच्या रूपानं. तोही नेमका मधोमध.

आमची गल्ली विणकरांची. सरळ आणि अरुंद. सकाळी तिथं सुताचा ताणा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून बांधायचा, कुंच्यानं खळ लावायची, वाळला की मागावर चढवायचा. रस्त्यावर ताणा असला की कोणी ओलांडत नाही. वरातसुद्धा वळसा घेते. मधोमध खांब उभा राहिला तर लुगडी विणायची कशी?

बरं, वीज आमच्यासाठी नव्हतीच. गल्लीच्या शेवटी एका व्यापाऱ्यानं यंत्रमागांची शेड बांधली होती, तार तिकडं जायची होती. आमच्या दारातून जाऊन आमचंच पोट मारायला! हे मी पत्रकात छापलं, घरोघर वाटलं. कंपनीचा ओव्हरसियर त्याच पत्रकावर भजी घेऊन खात होता.

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, त्याला हात जोडले. "सायेब, खांब भिंतीकडंला घ्या की."

"नकाशात मधेच आहे."

"नकाशा काढणारा गल्ली बघून गेलाय व्हय?"

"म्हाताऱ्या, मला शिकवू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी खांबांची बैलगाडी आली तेव्हा अण्णांचा ताणा ओला होता. गाडीवान खाली उतरला. "ताण्यावरनं गाडी? मी न्हाय घालत." त्या उर्मट ओव्हरसियरनं स्वतः कासरा ओढला. सूत तटातटा तुटलं. अण्णा तिथंच उकिडवे बसून टोकं गोळा करत राहिले.

गाडीवान गाडी मागं घेऊन, खांब गल्लीच्या तोंडाशी टाकून निघून गेला. मग गल्लीनं ठरवलं. एक ताणा उतरला की लगेच दुसरा ओढायचा, रस्ता मोकळा सोडायचाच नाही. खांब खांद्यावर आणायला मजूर आले; तेही शहापूर-वडगावचेच, विणकरांच्या घरातले. ओलांडायला एकही पाय उचलेना.

"अजून किती वेळ?" ओव्हरसियर घाम पुसत विचारी.

"थांबा की सायेब, ताणा हाय," शेजारची आक्का म्हणे. "सुताला तुमचं घड्याळ कळत न्हाय."

खरं तर ऊन चढल्यावर कोणी खळ लावत नाही, सूत कडक होतं. दुपारी आम्ही टाकाऊ सुतावर नुसतं पाणी फिरवत होतो. नकाशावाल्या ओव्हरसियरला त्यातलं काय कळणार!

शेवटी वीज लांबतेय म्हणून शेडवाला व्यापारीच कंपनीवर ओरडला. खड्डा बुजला, खांब भिंतीलगत उभा राहिला. आमच्या घरात मात्र रॉकेलची चिमणी ती चिमणीच.

अण्णांनी खांब हलवून पाहिला आणि ताण्याचं टोक त्यालाच बांधलं.

"अरे, कंपनीचा खांब आहे तो!" म्हणत ओव्हरसियर धावत आला.

अण्णांनी कुंचा उचलला. "व्हय. पण ताणा हाय. तिकडनं वळसा घ्या."