विंगेतल्या मालतीबाई

मालतीबाईंना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण शाळेनं त्यांना सोडलं नव्हतं. डिसेंबर लागला की फोन यायचाच, "बाई, विंगेत तुम्हीच हव्यात." सोलापुरातल्या बाकीच्या शाळा संमेलनात सिनेमाच्या गाण्यांवर पोरं नाचवायच्या. ही शाळा मात्र चौथीच्या पोरांकडून जुनी संगीत नाटकं करून घ्यायची, पाऊण तासात बसवलेली. तसली जड वाक्यं नऊ वर्षांच्या डोक्यात टिकत नाहीत, म्हणून विंगेत वही घेऊन मालतीबाई.

प्रॉम्प्टिंगमध्ये त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आवाज असा, की रंगमंचावरच्या पोराला नेमका पोचावा आणि पहिल्या रांगेतल्या त्याच्या आईला कळूही नये. पहिल्याच तालमीला त्या बजावायच्या, "विंगेतून येईल ते बोलायचं. विचार करायचा नाही. विचार केला की अडकलास." पोरं तसंच करायची.

घरातही त्यांचा आवाज एवढाच होता. सासूबाई होत्या तोवर त्या घरात सुनेनं मोठ्यानं बोलायची सोय नव्हती, आणि सासूबाई गेल्या तरी सवय काही गेली नाही. "आमच्याकडं मोठा आवाज काय तो कुकरचा," त्यांचे यजमान मुकुंदराव पाहुण्यांना सांगायचे.

यंदाच्या नाटकात टाकून दिलेली राणी राजवाड्याच्या दाराशी येते आणि द्वारपाल तिला अडवतो. राणी झाली होती सिद्धेश्वरी, मार्केट यार्डातल्या भुसार दुकानदाराची मुलगी. घरी कन्नड बोलणारी, पण मराठी वाक्य एकदा कानावर पडलं की पक्कं. द्वारपाल सोमशेखर. त्याचं सगळं लक्ष कापसाच्या मिशांवर.

तिसऱ्या दिवशीच्या तालमीला राणी दाराशी आली. सोमशेखरनं भाला आपटला, आपलं वाक्य म्हटलं, विंगेकडं कान केला आणि पुढं म्हणाला, "कडीला हात लावू नकोस गं. उन्हं उतरली की जाईल आपोआप."

मालतीबाईंनी वहीत पाहिलं. तिथं ते नव्हतं. शब्द त्यांच्या सासूबाईंचे होते. शब्दांचंही एक वेळ ठीक, पण त्या 'गं'वरचा हेल, 'जाईल' म्हणतानाची ती बेफिकिरी, जशीच्या तशी, मिशा लावलेल्या पोराच्या तोंडून.

"हे कुठलं रे वाक्य?" नाटक बसवणाऱ्या महेश्वरी मॅडमनी विचारलं.

"बाईंनीच सांगितलं की!"

"मी? मी कधी सांगितलं?"

"आत्ता सांगितलं की बाई." सोमशेखर रडवेला झाला. "तुमीच म्हणला, विचार करायचा न्हाई."

बाकीच्या पोरांनीही माना डोलावल्या. महेश्वरी मॅडम पालकांच्या ग्रुपसाठी तालमीचं मोबाइलवर शूटिंग करत होत्या. त्या विंगेला टेकूनच उभ्या असायच्या. त्यांनी ते लावलं. आधी वहीतलं वाक्य, मालतीबाईंच्या आवाजात. मग पोराचं ते म्हणून होताच, त्याच आवाजात, दुसरं. मालतीबाईंनी ते तीनदा ऐकलं. आपण तोंड उघडल्याचं त्यांना काही केल्या आठवेना.

"पण किती नॅचरल वाटतंय ना, बाई?" महेश्वरी मॅडम म्हणाल्या. "ठेवू या का?"

"नको," मालतीबाई म्हणाल्या. "वहीत नाही ते नको."

एकतीस वर्षांपूर्वी, मे महिन्यात, भर दुपारी एक वाजता मुकुंदरावांची धाकटी बहीण विजयमाला जेऊरहून सासर सोडून आली होती आणि दार वाजवत होती. मुकुंदराव ऑफिसात. मालतीबाईंनी कडीला हात घातला आणि मागून सासूबाईंचं ते वाक्य आलं. हात तिथंच राहिला. बऱ्याच वेळानं दार वाजायचं थांबलं. तिसऱ्या दिवशी जेऊरच्या मळ्यातल्या विहिरीत विजयमाला सापडली. सासूबाईंनी सुनेला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "ती इथं आलीच नव्हती. कळलं?" मालतीबाईंना कळलं.

मुकुंदरावांना आजतागायत माहीत नव्हतं. दर भाऊबीजेला जेवता जेवता ते म्हणायचे, "एकदा घरी यायचं की गं तिनं. मी बघितलं असतं एकेकाकडं." मालतीबाई त्यांना वरण वाढायच्या. हे त्यांना कळलं तर आपला संसार तिथंच संपला, हे त्या वाढता वाढता दर वर्षी नव्यानं मोजायच्या.

म्हणून संमेलनाच्या आदल्या दिवशी त्यांनी घसा बसल्याचं सांगून वही महेश्वरी मॅडमकडं दिली. झालं भलतंच. "तू बाहेर बसणार? मग मीही येतो," म्हणून मुकुंदराव इस्त्रीचा सदरा घालून निघाले आणि दुसऱ्या रांगेत त्यांच्या शेजारी बसले.

नाटक सुरेख चाललं. मालतीबाई तोंडावर पदर दाबून बसल्या होत्या. राणी दाराशी आली. सोमशेखरनं भाला आपटला आणि अडकला. विंगेत महेश्वरी मॅडमची पानं उलटल्याची फडफड ऐकू आली. सोमशेखरची नजर विंगेतून प्रेक्षकांत आली, एकेक खुर्ची चाचपत मालतीबाईंवर थांबली. मालतीबाईंनी दातांवर दात रोवले. आपले ओठ मिटलेले आहेत हे त्या बोटांनी तपासत होत्या.

"कडीला हात लावू नकोस गं," सोमशेखर म्हणाला. "उन्हं उतरली की जाईल आपोआप."

मुकुंदराव हसले. "अगं, ही तर आमची आईच!"

पोरानं तालमीत पाठ केलेलं असणार. मालतीबाईंनी स्वतःला तेवढं समजावलं, तोच सिद्धेश्वरीनं पुठ्ठ्याच्या दारावर हात ठेवला. यापुढं राणीला वाक्य नव्हतं. तिनं वळून जायचं होतं. ती वळली नाही. कपाळ दाराला टेकवून, पोरीच्या वयाला न शोभणाऱ्या थकलेल्या आवाजात ती म्हणाली, "वहिनी, तुमच्या बांगड्या ऐकू येताहेत. पाणी तरी द्या."

हे मोबाइलमध्ये नव्हतं. सासूबाई आत गेल्यावर दाराआडून आलेले हे शब्द मालतीबाईंनी त्यांनाही कधी सांगितले नव्हते.

मुकुंदरावांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, नुसतं आतून रिकामं झालं. ते रंगमंचाकडं बघत होते. मग बायकोच्या हाताकडं बघितलं. पदर धरलेला तो हात इतका कापत होता, की बांगड्या वाजत होत्या.

"विजू आली होती?" त्यांनी विचारलं.

मालतीबाईंनी पदर सोडला. "आली होती."

समोरच्या रांगेतली बाई वळून बघायला लागली.

"पाणी दिलंस?"

"नाही."

महेश्वरी मॅडमनी घाईनं पडदा पाडला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुकुंदराव उठले. मालतीबाईही उठायला लागल्या, तेव्हा तिऱ्हाईत बाईला सांगावं तशा आवाजात ते म्हणाले, "तुम्ही बसा," आणि रांगेतून वाट काढत एकटेच बाहेर गेले.