टीव्हीचा खोका

आमच्या घरात कुठल्याही वस्तूचा खोका टाकायचा नाही, हा माझा नियम आहे. टीव्हीचा, मिक्सरचा, मायक्रोवेव्हचा, सगळे खोके थर्मोकोलसकट गॅरेजमध्ये भिंतीला टेकून उभे. शेजारची अमेरिकन बाई बघेल तर म्हणेल, हिला काय वेड लागलंय का! पण व्हिसावर राहणाऱ्या कुणाच्याही गॅरेजमध्ये डोकावून बघा. नवऱ्याची नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की दोन महिन्यांत गाशा गुंडाळायचा. तेव्हा काय खोके शोधत फिरायचं? अल्फारेटा शहरातून अर्विंगला आलो तेव्हा हेच कामाला आले, अर्विंगहून इथे आलो तेव्हाही.

म्हणून त्या शनिवारी गॅरेजमध्ये गेले आणि टीव्हीच्या खोक्याची एक अख्खी बाजू कापलेली दिसली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. लेक फरशीवर मांडी ठोकून त्या पुठ्ठ्यावर रंगानं हातभर अक्षरं काढत होती. इंग्रजीत, 'जाऊ नका'.

"अगं ए भवाने! खोका कशाला कापलास?"

"मॉम, इट्स जस्ट अ बॉक्स."

"जस्ट बॉक्स म्हणे! उद्या टीव्ही काय डोक्यावर घेऊन जायचा?"

तिनं मान वर केली, माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि पुन्हा ब्रश चालवायला लागली.

लेक सतरा वर्षांची. जन्म अल्फारेटाचा, म्हणजे पासपोर्ट अमेरिकेचा. घरात तिघांत पक्की ती एकटीच. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, अशी आमची पद्धत. 'जेवलीस का'च्या पलीकडे तिला किती कळतं देव जाणे, असं आम्ही पाहुण्यांना हसत सांगायचो. खरं म्हणजे ते आमच्या सोयीचंच होतं. व्हिसाचं जे काही असेल ते आम्ही नवरा-बायको तिच्यासमोरच, किचनमध्ये, गाडीत, भराभर मराठीत बोलून टाकायचो. पोरीला कशाला उगाच घाबरवा?

तर ते 'जाऊ नका' होतं बास्केटबॉलच्या टीमला. आमच्या शहरात बायकांची व्यावसायिक टीम होती. आम्ही इथे आलो तेव्हा लेक चौथीत होती. तिसरी शाळा, एक मैत्रीण नाही, डबा एकटीनं खायचा. एक दिवस त्या टीममधली एक ताडमाड खेळाडू शाळेत आली, बॉल कसा टाकायचा ते शिकवलं, आणि जाताना हिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, तू आता आमची. बास! पोर त्या दिवसापासून या शहराची झाली. मग काय, सर्वांत वरच्या रांगेतली तिकिटं, घसा फुटेपर्यंत ओरडणं. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. आत बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत म्हणून पार्किंगमध्येच तिला थालीपीठ खाऊ घालायचं, एवढंच माझं काम.

यंदा मालकानं सांगितलं, स्टेडियम जुनं झालंय, सिटीनं दुरुस्त करून द्यावं, नाहीतर टीम दुसऱ्या शहरात नेतो. झालं! लोक रस्त्यावर उतरले आणि आमच्या बाईसाहेब त्यांच्यात सर्वांत पुढे.

इकडे आमची वेगळीच तऱ्हा. नवऱ्याचं व्हिसाचं एक्स्टेन्शन, म्हणजे मुदतवाढ, कित्येक महिने अडकलेली. त्याच्या ऑफिसात माणसं कमी करायला घेतलेली. काढलेल्या माणसाचं आधी लॉगिन बंद होतं, म्हणून सकाळी तो लॅपटॉप उघडायचा तेव्हा लॉगिन होईपर्यंत मी ओट्याशी श्वास रोखून उभी. इथल्या मराठी मंडळातल्या एका काकूंनी मला आल्या आल्याच बजावलं होतं, "मोर्चात जायचं नाही, फोटोत यायचं नाही, कशावर सही करायची नाही. आपण बरं, आपलं काम बरं." मी ते इतकं मनावर घेतलं की शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या फोटोतही मागच्या रांगेत वाकून उभी राहते. हल्ली तर पासपोर्टची झेरॉक्स पर्समध्ये असल्याशिवाय भाजी आणायलाही जात नाही. हसा खुशाल!

लेक पुठ्ठा घेऊन स्टेडियमसमोर उभी राहायची आणि मी पलीकडच्या पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून बसायची. एकदा पोलिसांची गाडी हळूहळू आली. मी स्टिअरिंग गच्च पकडलं. पोलीस काच खाली करून मुलींना हात हलवून गेला, बाकी काही नाही. तरी मी स्टिअरिंग सोडलं नाही. घरी पोचले तेव्हा बोटं सरळ होत नव्हती.

मग सिटी कौन्सिलची सुनावणी आली. दुरुस्तीचं त्यानंतर ठरणार. कुणीही माईकवर दोन मिनिटं बोलू शकतं, पण आधी स्वतःचं नाव आणि घरचा पत्ता सांगायचा, आणि सगळं इंटरनेटवर दिसणार.

"नाव आणि पत्ता? माईकवर? काय बाप्पा, वेड लागलं का हिला!" मी किचनमध्ये नवऱ्याला म्हटलं. लेक समोरच दुधात घातलेलं सीरियल खात बसली होती.

"अगं, ती सिटिझन आहे. तिला कोण काय करणार?"

"तिला नाही हो, आपल्याला! पत्ता काय तिचा वेगळा आहे? एक्स्टेन्शन अडकलंय आणि आपण चव्हाट्यावर जाऊन ओरडायचं. नसती बला ओढवून घ्यायची हौस!"

लेकीनं चमचा खाली ठेवला. "आय ॲम गोइंग. तुम्ही आत नका येऊ," असं इंग्रजीत म्हणाली आणि उठली. आता आई आहे म्हटल्यावर आत गेल्याशिवाय राहवतंय का! गेलो दोघंही. शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसलो.

हॉल गच्च भरला होता. एक म्हातारेबुवा बोलले, एक शाळामास्तरीण बोलली. मग माझी लेक उठली. तिनं नाव सांगितलं, पत्ता सांगितला, घराच्या नंबरसकट. मी डोळे मिटून घेतले. पुढचं सगळं मिटल्या डोळ्यांनीच ऐकलं. बोलली इंग्रजीत, पण माझ्या कानात ते मराठीतच राहिलंय.

ती म्हणाली, "माझे आईबाबा किचनमध्ये मराठीत बोलतात. त्यांना वाटतं मला समजत नाही. मला सगळं समजतं, लहानपणापासून. आमच्या घरात भिंतीला खिळा मारत नाहीत. टीव्हीचा खोका टाकत नाहीत. बाबांची नोकरी गेली तर आम्हाला जावं लागेल. मी नववीत असताना एकदा ते बोलत होते, की तशी वेळ आली तर मला शाळा संपेपर्यंत प्लेनोला आईच्या मैत्रिणीकडे ठेवायचं की बरोबर न्यायचं. मी तेव्हा होमवर्क करत होते. मी काहीच बोलले नाही. आम्ही राहायचं की जायचं, ते माझ्या हातात नाही. आईबाबांच्याही नाही. पण ही टीम तुमच्या हातात आहे. माझ्या आयुष्यातली एक तरी गोष्ट जागेवर राहू द्या."

दोन मिनिटांची घंटा झाली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. नवऱ्यानं माझं मनगट इतकं दाबलं की बांगडी रुतली. मी डोळे उघडले तर समोर कॅमेऱ्याचा लाल दिवा. सगळं सांगितलं हो पोरीनं! नाव, पत्ता, नोकरी, व्हिसा, सगळं! पण खरं सांगू? त्या लाल दिव्यापेक्षा मला प्लेनोची जास्त भीती वाटली. ते बोलणं मला आठवलं. मी पोळ्या लाटत होते. लेक टेबलाशी बसली होती, आणि नंतर तिनं माझ्याकडे आणखी एक पोळी मागितली होती. म्हणजे हे ऐकून तिनं पोळी मागितली, खाल्ली, ताट धुऊन ठेवलं आणि झोपायला गेली. तीन वर्षं मनात ठेवलं!

परत येताना नवरा गाडी चालवत होता. मला नवऱ्याला विचारायचं होतं, आता काय होईल हो? तोंड उघडलं आणि मिटलं. आरशात लेक दिसत होती.

त्यानंतर कित्येक दिवस दाराची बेल वाजली की माझं धाबं दणाणायचं. कुणी आलं नाही. कुरिअरवाला यायचा, एकदा शेजारीण केक घेऊन आली, आमची मुलगी छान बोलली म्हणून. कौन्सिलनं निर्णय पुढे ढकलला. मालकानं काही वाट बघितली नाही. एका शनिवारी दुपारी बातमी आली, टीम चालली. लेकीनं फोन पालथा ठेवला. रडली नाही. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटत राहिलं.

थोड्या वेळानं गॅरेजमधून खुडबुड ऐकू आली म्हणून गेले. ती टीव्हीच्या खोक्यासमोर गुडघ्यांवर बसली होती. हातात तो पुठ्ठा, शेजारी टेपचं रीळ. पुठ्ठा कापलेल्या जागी लावून बघत होती, अक्षरांची बाजू आत करून.

"आई," ती म्हणाली. मराठीत! शब्द जड, अमेरिकन, पण मराठी. "इथे धर ना. टेप लावते. खोका लागेल आपल्याला."

'नको गं, राहू दे, नाही लागणार,' एवढं म्हणायचं होतं मला. एक्स्टेन्शनचं काय झालं ते सांगायला लॉयरचा अजून फोन आला नव्हता. मी खाली बसले, दोन्ही कडा जुळवून घट्ट धरल्या, आणि तिनं टेप लावली.